नेट नसलेल्या शाळेसाठी डिजिटल ट्रेनिंग : पाचपैकी साडेतीन

सुरुवातीलाच सांगते, शिक्षक असाल तर नेटशिवाय टीव्ही-मोबाईल वर्गात वापरायचं हे ट्रेनिंग घ्या. तुमच्या शाळेत वाय-फाय आहे, मोठं पॅनेल आहे आणि ते चालवणारा माणूसही आहे, असं असेल तर राहू द्या, त्यातलं निम्मं तुम्हाला येत असेल. पण शाळेत एक टीव्ही आहे, तो ग्रामपंचायतीने कधीतरी वित्त आयोगाच्या पैशातून घेऊन दिला, रिमोट कपाटात आहे आणि कपाटाची चावी दुसऱ्या गुरुजींकडे आहे, अशी तुमची गत असेल तर हे तुमच्यासाठीच आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यात शिकवते. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, बरीचशी पोरं कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. घरी कोलामी, बाजारात तेलुगू कानावर पडते कारण पैनगंगेपलीकडे तेलंगणा लागतो, गावात वऱ्हाडी, आणि पुस्तक प्रमाण मराठीत. शाळेच्या व्हरांड्यात नेट येत नाही. हापशीजवळ येतं, तेही एकाच कंपनीचं. यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती ऑनलाइन भरायची असली की आमचे सर नाहीतर मी हापशीपाशी उभे, आणि पाणी भरायला आलेल्या बाया विचारतात, "काय करून राहिल्या जी मॅडम, फोटो काढून राहिल्या का?"

ट्रेनिंग एका छोट्या संस्थेने घेतलं, केंद्रशाळेच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या केंद्रातल्या मुख्य शाळेच्या हॉलमध्ये. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि माणसं चांगली आहेत. मांडणी अशी : आधी दोन दिवस सलग, मग पंधरवडाभर आपापल्या वर्गात करून बघायचं, मग तिसरा दिवस. फी नाही. जेवणाची वर्गणी आपली, पेन ड्राइव्ह आपला. हा मधला पंधरवडा मला सगळ्यात आवडला. आजवरच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं वर्गात चाललं की नाही हे विचारायला कोणी परत आलेलं मला आठवत नाही. इथे परत यायचं आहे हे पहिल्या दिवसापासून डोक्यात असतं, त्यामुळे माणूस ऐकताना "हे आपल्या तिसरीच्या पोरांसोबत कसं करायचं" असाच विचार करतो.

पहिल्या तासाला त्यांनी सगळ्यांना मोबाईल काढायला लावले आणि एअरप्लेन मोडवर टाकायला सांगितले. हॉलमध्ये चुळबुळ. शेजारच्या केंद्रातले एक सर म्हणाले, "मंग डिजिटल काय शिकवता, जी?" शिकवणारे दोघं तरुण आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. या मोठ्या सरांनी उत्तर दिलं की ज्या गोष्टीला नेट लागतं ती तुम्ही वर्गात करणार नाही हे आम्हाला माहीत आहे, म्हणून नेटशिवाय जे होतं तेवढंच शिकवू. तीन दिवस त्यांनी ते पाळलं. एक अपवाद होता, त्याच्याबद्दल पुढे.

मोठे सर बोलायला रसाळ. बालचित्रवाणीची गोष्ट त्यांनी काढली. पुण्यात १९८४ मध्ये ती सुरू झाली, मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम बनवायची, दूरदर्शनवर ते लागायचे, आणि २०१७ मध्ये बंद पडली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर शाळांना रंगीत टीव्ही आणि रेडिओ कम कॅसेट प्लेअर द्यायची योजना आली होती, तेही त्यांनी सांगितलं. आमच्या केंद्रशाळेच्या कपाटात तसला एक प्लेअर अजून आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारलेला. तो दाखवून ते म्हणाले, "यंत्र आलं होतं. पाठाच्या कोणत्या मिनिटाला बटन दाबायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं." तीन दिवस याच एका वाक्याभोवती फिरले म्हटलं तरी चालेल.

आता कामाचं.

टीव्हीला मोबाईल जोडणं ही आमच्याकडची जुनी डोकेदुखी. बाजारातून सी-टाइपचा ॲडॉप्टर आणायचा, एचडीएमआय वायर लावायची, आणि पडद्यावर 'नो सिग्नल'. त्यातल्या तरुण मॅडमनी सांगितलं की स्वस्त फोनमधल्या बहुतेक सी-टाइप पोर्टमधून चित्र बाहेर पडतच नाही, तिथून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. म्हणजे ॲडॉप्टर बदलून उपयोग नाही, फोनमध्येच ती सोय नसते. चाळीस शिक्षकांच्या हॉलमध्ये असा आवाज आला की बस. निम्म्यांच्या घरी तो ॲडॉप्टर पडलेला असणार. मग दोन वाटा दाखवल्या. टीव्ही आणि फोन दोन्हींत स्क्रीन मिररिंग असेल तर ते नेटशिवायही चालतं, कारण फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट जोडले जातात. ते नसेल तर पेन ड्राइव्ह.

पेन ड्राइव्हवरही अर्धा तास गेला, आणि तो मला सगळ्यात उपयोगी वाटला. व्हिडिओ फोनवर दिसतो, टीव्हीवर लावला की फक्त आवाज येतो किंवा 'फाइल सपोर्ट होत नाही' असं येतं, असं का? बरेच नवे फोन जागा वाचवायला एच.२६५ नावाच्या पद्धतीने चित्रीकरण करतात, जुन्या टीव्हीला ती कळत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एच.२६४ निवडायचं, प्रश्न मिटला. फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, पेन ड्राइव्ह रिकामा असला तरी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो आणि चित्र फाटकं होतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. हे ज्यांना माहीत आहे त्यांना हसू येईल. माहीत नसल्यामुळे आमच्याकडचे टीव्ही वर्षानुवर्षं झाकलेले होते, हेही तितकंच खरं.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर वेगळा तास होता. ॲप ५ सप्टेंबर २०१७ ला आलं, पुस्तकातले क्यूआर कोड त्याच्याशी जोडलेले आहेत, हे सगळ्यांना ठाऊक. २०२० मध्ये शिक्षकांचं सरकारी निष्ठा ट्रेनिंग ऑनलाइन झालं तेव्हा १८ मॉड्यूल आम्ही त्याच ॲपवर केले, मी बरेचसे त्याच हापशीजवळ उभी राहून. पण त्यातला धडा तालुक्याला आलो असताना डाउनलोड करून ठेवायचा आणि वर्गात नेटशिवाय लावायचा, हे रोजच्या कामात करणारे हॉलमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढच्या आठवड्याचे कोणते पाठ ते शनिवारी ठरवा, बाजाराच्या दिवशी उतरवून घ्या, एवढं साधं वेळापत्रक त्यांनी करून घेतलं. मी ते पाळते. बाजाराची पिशवी आणि दीक्षा एकाच फेरीत.

इथवर सगळं यंत्राचं झालं. शिकवण्याचं दुसऱ्या दिवशी आलं, आणि साडेतीनमधले अडीच गुण मी त्या दिवसाला देते.

त्यांनी एक तीन मिनिटांचा व्हिडिओ लावला, बी रुजण्याचा. पहिल्यांदा आपण लावतो तसा : लावला, पोरं गप्प, संपला, "समजलं का?", "हो बाई!" मग तोच व्हिडिओ आवाज बंद करून, आणि चाळिसाव्या सेकंदाला थांबवून. आधी काय बाहेर येईल, मूळ की पान? वहीत काढा. आम्ही शिक्षकच भांडायला लागलो. शेतकऱ्याच्या घरातली माणसं आम्ही, सोयाबीन आणि तुरीचं बी आयुष्यभर टाकलं, आणि मूळ आधी की मोड वर आधी यावर हॉलमध्ये दोन गट पडले. मग पुढे चालवला. मूळच आधी. तीन मिनिटांच्या व्हिडिओला पंचवीस मिनिटं लागली आणि एकानेही मोबाईल उघडला नाही.

नियम त्यांनी एकच दिला : पोरांनी आधी काहीतरी सांगितल्याशिवाय, काढल्याशिवाय किंवा पैज लावल्याशिवाय प्लेचं बटन दाबायचं नाही.

मी वर्गात परत गेले तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्याकडे त्या दिवसांत हजेरी गळते, चौथीतल्या पोरी मायबरोबर वावरात जातात. ट्रेनिंगमध्ये दाखवलं होतं की विज्ञान पेटीतलं भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यावर धरलं की बारीक वस्तू मोठी दिसते. मी पोरांना किडकी बोंडं आणायला सांगितली. बोंडं काय, ढीग आला. एक फोडलं, भिंग लावून चित्रीकरण केलं, पेन ड्राइव्हवर घेतलं आणि टीव्हीवर लावलं. गुलाबी बोंडअळी, बोटाच्या नखाएवढी, ती ४३ इंचाच्या पडद्यावर हाताएवढी. अंगावरचे गुलाबी पट्टे, डोक्याचा काळपट तपकिरी भाग, आणि दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत बसलेली. अक्षरशः आरडाओरडा झाला. एक पोरगा ओरडला, "बाई, हे त आमच्या वावरातली हाय!" मी थांबवून विचारलं, ही आत गेली कुठून? बोंडाला भोक तर दिसत नाही. त्यावर जो वाद झाला तो मी पुस्तकातून घडवू शकले नसते. एका पोरीने डोमकळीचं सांगितलं, की फूल उमलत नाही, पाकळ्या गुंडाळून राहतात, तेव्हाच ती आत असते. तिच्या बापाने तिला दाखवलं होतं. ही पोरगी वर्गात क्वचित बोलते. वेचणीच्या दिवसांत ती दुसऱ्या दिवशीही शाळेत आली, कारण अळीचं पुढे काय होतं ते बघायचं होतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. ट्रेनिंगमध्ये मोबाईलवर आवाज नोंदवायला शिकवलं : पत्र्याच्या खोलीत नको, घुमतो, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद, फोन गुडघ्यावर ठेवायचा नाही, खरखर येते. साध्या गोष्टी आहेत, पण मी आधी नोंदवलेलं ऐकलं तर शिक्षक दिन सोहळ्यात माईक बिघडल्यासारखं वाटायचं. मी पोडावरच्या चावडीत जाऊन एका म्हातारीकडून कोलामीत एक गोष्ट नोंदवून घेतली. मला कोलामी येत नाही, दोन-चार शब्द सोडले तर. पहिलीची पोरं ती ऐकून हसत होती आणि मला मराठीत समजावून सांगत होती. मराठी बोलायला दिवाळीपर्यंत तोंड न उघडणारी पोरं, पण मॅडमला कळत नाही म्हटल्यावर वाक्यामागून वाक्य. कोलामी ही द्राविड कुळातली भाषा, मराठीशी तिचं घराणंच वेगळं. पुस्तकातलं मराठी या पोरांसाठी किती लांबचं आहे ते मला त्या दिवशी उलट बाजूने कळलं, कारण न कळणाऱ्या जागी मी बसले होते.

एक चांगलं म्हणजे पोरांच्या फोटो-व्हिडिओबद्दल ते कडक होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, हे त्यांनी समजावलं आणि मराठीत छापलेला संमतीचा नमुना दिला. आमच्याकडे शिक्षकांत पोरांचे व्हिडिओ टाकून लाइक मोजायची साथ आहे. त्यावर मोठे सर एवढंच म्हणाले की व्हिडिओत पोराचे हात दाखवा, पाठ हातातच असतो. म्हातारीलाही मी आधी विचारलं, आणि नोंदवलेलं तिला आधी ऐकवलं.

आता दीड गुण का कापला.

वेळ. दुसरा दिवस साडेपाचला सुटला, डिसेंबरात. आमच्याकडे त्या वेळेला अंधारून येतं. ज्यांची गावं टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला आहेत, किंवा ज्यांनी २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघिणीच्या दहशतीचे महिने काढले, त्यांना साडेपाचला दुचाकीवर निघायला सांगणं म्हणजे काय हे बाहेरून आलेल्या माणसाला कळत नाही. आम्ही बायका चारपासून घड्याळ बघत होतो, आणि शेवटचं सत्र, जे बहुधा सगळ्यात चांगलं होतं, ते अर्ध्या कानाने ऐकलं. दहाला सुरू करून चारला संपवा, दुपारचा आभारप्रदर्शनाचा कार्यक्रम कापा, दीड तास तिथेच निघतो. हॉलच्या बाजूच्या बायकांच्या संडासाला कुलूप होतं, ही तक्रार संस्थेवर नाही, पण कुठे तरी लिहिली पाहिजे.

बहुवर्ग. माझ्यासमोर एकाच खोलीत दोन वर्ग असतात. टीव्ही तिसरीसाठी लावला की पहिली पण तिकडेच बघते, आणि पहिलीचं लिहिणं बंद पडतं. यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. "गट करा" हे उत्तर नाही, ते आम्हाला डी.एड.ला असतानाच सांगितलं होतं. आमच्या केंद्रात अर्ध्याहून जास्त शाळा द्विशिक्षकी असताना सगळी उदाहरणं एका वर्गाला एक शिक्षक धरून दिलेली होती. मी घरी बसून काढलेला तोडगा असा, की पहिलीला ब्लूटूथ स्पीकरवर नुसता आवाज द्यायचा, व्हरांड्यात, आणि तिसरीला चित्र, आत. चालतो, पण हे त्यांनी सांगायला हवं होतं.

नेटचा जो अपवाद म्हटला तो एआयचा तास. आजकाल त्याशिवाय ट्रेनिंग पुरं होत नाही असं दिसतं. तरुण सरांनी स्वतःच्या हॉटस्पॉटवर एआयला विदर्भातल्या शेतकऱ्यावर चौथीसाठी गोष्ट लिहायला सांगितली. भाषा एकदम गुळगुळीत. गोष्टीतला शेतकरी जून महिन्यात कापूस वेचत होता. जूनमध्ये आम्ही सरकी टोबतो, जी! हॉल हसून हसून लोळला. सर जरा खट्टू झाले, पण मोठ्या सरांनी तेवढ्यात त्याचा पाठ केला : हीच गोष्ट छापून पोरांना द्या आणि चुका शोधायला लावा. ही युक्ती मी वापरली आणि चौथीने आणखी दोन चुका काढल्या. तरीही तो तास या ट्रेनिंगमध्ये नको होता.

त्याऐवजी डीडी फ्री डिशवरच्या पीएम ई-विद्याच्या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांबद्दल सांगता आलं असतं. २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या १२ वरून २०० करायची घोषणा झाली होती. छत्री आणि सेट-टॉप बॉक्सला नेट लागत नाही, आमच्या गावात अर्ध्या घरांवर छत्री आहे. नेटशिवायचं ट्रेनिंग म्हणवणाऱ्यांनी तिचा शब्दही काढू नये याचं मला नवल वाटलं.

तिसऱ्या दिवसाबद्दल थोडक्यात. प्रत्येकाने वर्गात केलेलं दाखवायचं होतं. साधारण निम्म्यांनी केलं होतं. एका सरांनी बाजार समितीतल्या वजनकाट्याचं चित्रीकरण करून क्विंटल-किलोची शाब्दिक उदाहरणं बनवली होती, त्यात काटा स्थिर व्हायच्या आधी व्हिडिओ थांबतो आणि पोरांनी अंदाज सांगायचा. ती फाइल मी डॉक्युमेंट म्हणून मागून घेतली. उरलेल्यांनी यूट्यूबच्या लिंक आणल्या. एक जण म्हणाले, "आपण काय डिसले गुरुजी हाओत का?" २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळालेले डिसले गुरुजी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतलेच, हे मोठ्या सरांनी शांतपणे सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं. न करणाऱ्यांना त्यांनी टोचलं नाही. मला वाटतं थोडं टोचायला हवं होतं.

नंतरची साथ मात्र ढिली. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, आठवडाभर प्रश्नोत्तरं झाली, आता तिथे वाढदिवस आणि सुप्रभात. तरुण मॅडम फोन उचलतात, मिररिंग अडलं तेव्हा त्यांनी बोलता बोलता सोडवून दिलं, पण एका माणसाच्या चांगुलपणावर किती दिवस चालणार? वर्षातून एक दिवस परत या, एवढंच आम्ही लेखी मागितलं आहे.

तुमच्या केंद्रात बोलवायचं असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्या, नाहीतर शाळा सोडून जाता येत नाही आणि रजा जाते. वेचणीचे दिवस टाळा, आणि परीक्षेचे. आमच्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे पोळ्याच्या आधीचा काळ बरा : हजेरी पूर्ण असते, मधल्या पंधरवड्यात वर्ग भरलेला मिळतो. सोबत पेन ड्राइव्ह, विज्ञान पेटीतलं भिंग आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन जा. हॉलमध्ये प्लग पॉइंट दोनच असतात, आणि त्यातल्या एकाला चहाची किटली लावलेली असते.